शेवटचा हात मालकाचा

दसऱ्याला किंवा लग्नसराईत नेपानगरच्या रस्त्यावर नवी मोटारसायकल उतरते, तेव्हा तिचं कौतुक बाहेरून होतं. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. घरातली लहान पोरं आरशात तोंड बघून घेतात, आजी गाडीवरून नारळ ओवाळते. पण त्या टाकीखाली, जेमतेम तांब्याएवढ्या जागेत, एक काम अर्धवट राहिलेलं असतं. इंजिन अजून पुरतं घडलेलं नसतं. कारखान्यानं ते ओतलं, कातलं, घासलं, जोडलं, तपासलं. मात्र ज्या दोन पृष्ठभागांवर त्याचं सारं आयुष्य अवलंबून, ते एकमेकांना अजून नीट बसलेले नसतात. ती शेवटची घासाई रस्त्यावर होते, पेट्रोलच्या आगीच्या जोरावर होते, आणि ती किती बारीक, किती सारखी व्हायची हे चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटावर ठरतं.

नेपानगरला यंत्राची रीत नवी नाही. हे गावच यंत्राभोवती वाढलं. सातपुड्यातल्या सलई आणि बांबूपासून वर्तमानपत्राचा कागद करणारा देशातला पहिला कारखाना इथं उभा राहिला आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. २०१६ मध्ये उत्पादन थांबलं, मोठं नूतनीकरण झालं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला. अशा ठिकाणी फिटरची नोकरी केलेल्या कुणालाही विचारा: नवे रोल, नवी बेअरिंगं घातलेलं यंत्र पहिल्याच पाळीला पूर्ण वेगानं पळवत नाहीत. आधी अगदी संथ फिरवतात, बेअरिंग किती तापतंय ते बघतात, आवाजाकडे कान देतात आणि मग पायरीपायरीनं वेग चढवतात. शंभर सीसीच्या फटफटीलाही हेच लागू आहे.

गॅरेजमध्ये यासाठी ठरलेले शब्द आहेत. ‘गाडी अजून टाइट आहे.’ ‘जरा मोकळी होऊ दे.’ ‘सेट झाली की ॲव्हरेज देईल.’ हे सगळं खरं आहे. पण नेमकं काय मोकळं होतं आणि काय सेट होतं, हे एकदा समजून घेतलं की पहिले पाचशे किलोमीटर चालवायची रीत पाठ करावी लागत नाही, ती आपोआप सुचते.

मुद्दाम ओरखडलेली भिंत

पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो, तिला आपले मेकॅनिक बोअर म्हणतात. ही भिंत आरशासारखी गुळगुळीत असली तर उत्तम, असं कुणालाही वाटेल. कारखाना करतो नेमकं उलट. बोअर अचूक मापाचा झाला की त्यात होनिंगचं हत्यार उतरवतात. त्याला लावलेले बारीक घर्षणदगड एकाच वेळी गोल फिरतात आणि वरखालीही होतात, त्यामुळे भिंतीवर एकमेकांना तिरक्या छेदणाऱ्या रेघांची जाळी उमटते. नवा ब्लॉक हातात आला तर आत टॉर्च मारून तो थोडा कलता धरा. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटी भिंतीभर चमकताना दिसतात. त्या रेघांची खोली काही मायक्रॉनच असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

या रेघांची कामं दोन. खाचांमध्ये तेल टिकून राहतं. त्यांच्यामधल्या उंचवट्यांचा वरचा भाग झिजण्यासाठीच ठेवलेला असतो. पाथरवटाकडून टाकी लावून आणलेला पाटा ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. टाकीशिवाय पाटा वाटत नाही, आणि टाकी ताजी असताना पहिलं वाटण कुणी जेवणात घालत नाही, कारण त्यात दगडाची कच उतरते. इंजिनातही पहिल्या दिवसांत अशीच कच उतरते, धातूची. ती कुठं जाते, ते पुढं पाहू.

केंब्रिजमध्ये फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर एक गोष्ट प्रयोगांनी पटवून दिली होती: दोन धातू एकमेकांवर टेकवले, तर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी नगण्य हिस्साच खरोखर टेकलेला असतो. फक्त शिखरं शिखरांना भेटतात, बाकी मधे पोकळी. नव्या इंजिनात सारा भार या मोजक्या शिखरांवर असतो. ती सावकाश, सारखी झिजली तर माथे सपाट होतात, भार मोठ्या जागेवर पसरतो आणि खालच्या खाचा तेलासाठी शाबूत राहतात. ती घाईनं, तापून झिजली तर धातू धातूला चिकटतो, ओरबाडतो, आणि तो ओरखडा बोअरमध्ये कायमचा राहतो.

निसटणारा वायूच दार लावतो

आता पिस्टनच्या रिंगा. स्प्लेंडर आपल्या ओळखीची आहे, म्हणून तिचीच मापं घेऊ: बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, ४९.५ मिलिमीटर, क्षमता ९७.२ सीसी. पिस्टनच्या वरच्या भागात खाचा असतात आणि त्यांत एका जागी चिरलेल्या, बाहेरच्या बाजूला ताणणाऱ्या धातूच्या बारीक रिंगा बसतात. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे अभियंत्यानं वाफेच्या इंजिनासाठी अशी चिरलेली रिंग काढली, आणि ती कल्पना आजही प्रत्येक मोटारसायकलीत जगते आहे.

जळणारा वायू वर ठेवायचा आणि तेल खाली ठेवायचं, हे रिंगांचं काम. पण वरचा दाब प्रचंड असतो. जोर लागलेला असताना तो वातावरणाच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट जातो आणि ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांपलीकडे. रिंगेचा स्वतःचा ताण या दाबापुढे अगदी किरकोळ. मग वायू अडतो कसा?

यातलं मर्म इतकं सुंदर आहे की कळल्यावर माणूस थक्क होतो. वरची रिंग खाचेत थोडी सैल असते. वायू निसटायला बघतो, रिंगेच्या वरच्या फटीतून तिच्या पाठीमागं शिरतो आणि आतून तिला भिंतीवर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकी रिंग भिंतीला घट्ट. पळून जाऊ पाहणारा वायूच स्वतःची वाट बंद करतो.

नवं इंजिन असं चालवून बसवण्याला रन-इन म्हणतात, आणि त्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीतून निघतं. रिंग भिंतीला बसायची असेल तर तिला पाठीमागून दाब हवा, आणि दाब हवा तर इंजिनावर थोडा भार हवा. ज्या गाडीला पहिले पाचशे किलोमीटर कधीच जोर लागू दिला नाही, तिची रिंग भिंतीवरून हळुवार घसरत राहते. शिखरं नीट झिजत नाहीत, रिंगेपलीकडं वर गेलेलं तेल भिंतीवर भाजतं आणि त्याचा चकचकीत थर खाचा बुजवून टाकतो. मेकॅनिक म्हणतात, बोअर ग्लेझ झाला. अशी गाडी पुढं तेल खाते, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते, चढावर दमते. अतिलाडानंही इंजिन बिघडतं ते असं.

सेकंदाला दीडशेहून जास्त थांबे

दुसरी बाजू तेलाची. इंजिन ५,००० आरपीएमवर असताना पिस्टन मिनिटाला दहा हजार वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा वळतो, म्हणजे सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा. या दोन थांब्यांमधला त्याचा सरासरी वेग स्प्लेंडरच्या मापांनी ताशी तीस किलोमीटरच्या घरात येतो. ढोबळ हिशेब मांडला तर गाडी पाचशे किलोमीटर जाते तेव्हा इंजिनाचे तीस लाखांहून अधिक फेरे झालेले असतात आणि रिंगा त्या बोटभर लांबीच्या बोअरमध्ये तीनशे किलोमीटरहून जास्त घासून आलेल्या असतात.

स्ट्रोकच्या मध्यावर वेग भरपूर असतो, तेव्हा रिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगते आणि धातू धातूला शिवत नाही. दोन्ही टोकांना पिस्टन थांबतो, तेलाचा थर विरतो आणि शिखरं भेटतात. वेग, भार आणि तेलाचा दाटपणा यांवर घर्षण कसं चढतं-उतरतं, याची वक्ररेषा रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्यानं बेअरिंगांच्या प्रयोगांतून १९०२ मध्ये मांडली. त्या रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास आपल्या दारातल्या गाडीचा पिस्टन प्रत्येक स्ट्रोकला करतो.

टोकांना जिथं धातू शिवतो, तिथं आणखी एक नवल घडतं. इंजिन ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक द्रव्य १९४० च्या दशकापासून मिसळतात. सुरुवातीला ते बेअरिंग गंजू नये म्हणून घातलं गेलं. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. घासणाऱ्या, तापलेल्या जागीच हे द्रव्य विघटित होतं आणि तिथं काचेसारखा संरक्षक थर जमवतं, जाडी सुमारे एक दशांश मायक्रॉन. म्हणजे पहिल्या दिवसांत इंजिनात झीज आणि भरणी एकाच जागी चाललेली असते. शिखरं सपाट होतात आणि सपाट झालेल्या माथ्यांवर कवच चढतं. ‘सेट झाली’ या दोन शब्दांत हे सगळं येतं.

गोल नसलेला पिस्टन

पिस्टन पाहिला की तो गोल दिसतो. मापला तर तो किंचित लंबगोल आणि वर निमुळता निघतो. हे मुद्दाम केलेलं असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बोअरचा लायनर बहुतेक साध्या गाड्यांत बिडाचा, आणि ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. पन्नास मिलिमीटरचा पिस्टनचा माथा दोनशे अंशांनी तापला तर तो जवळजवळ पाव मिलिमीटर फुगतो, आणि पिस्टन-बोअरमधली मोकळीक मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांची. म्हणून तो थंड असताना असा वेडावाकडा घडवतात की तापल्यावर बरोबर आकाराला यावा.

यातली धोक्याची वेळ कोणती, ते आता सहज लक्षात येईल. थंड इंजिन एकदम पिळलं तर आगीशी भिडलेला पिस्टन आधी फुगतो आणि बाहेरचा ब्लॉक मागं राहतो. मोकळीक संपते, पिस्टन बोअरला घासतो, टोकाला गेलं तर जाम होतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकच्या जमान्यात ‘पिस्टन पकडला’ हे वाक्य घरोघरी माहीत होतं, आणि नव्या गाडीला तेलाचं प्रमाण थोडं जास्त ठेवण्याचा सल्ला त्यामुळेच असायचा.

रस्त्यावर उतरल्यावर

आता रीत. सकाळी गाडी चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा, तेल वरपर्यंत पोहोचू द्या. मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या हातानं चालवा. गाडी जागेवर उभी ठेवून दहा-दहा मिनिटं चालू ठेवू नका. त्या वेळी रिंगेमागं दाब नसतो आणि एअर-कूल्ड इंजिनाच्या पंखांना वाराही लागत नाही. उन्हाळ्यात बुऱ्हाणपूर-नेपानगरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा हे जास्तच पाळावं. रेल्वेचं फाटक पडलं, इंजिन बंद.

किती वेगानं चालवायची, याचं उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतं आणि तेच अंतिम. बहुतेक कंपन्या पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत वेगाची किंवा आरपीएमची मर्यादा घालतात. त्या मर्यादेच्या आत मात्र एकाच वेगाला चिकटू नका. बुऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे मुक्ताईनगरकडं जाणारा केळीच्या बागांमधला सपाट रस्ता मनाला कितीही सुखावला, तरी नव्या इंजिनाला तासभर एकसुरी चाळीसचा वेग मानवत नाही. वेग थोडा वाढवा, ॲक्सिलेटर सोडा, गाडीला इंजिनाच्या ब्रेकवर उतरू द्या, पुन्हा वाढवा. जोर देताना रिंग भिंतीला दबते. जोर सोडताना सिलिंडरमधला दाब घटतो, वर थोडं ताजं तेल खेचलं जातं आणि रिंगांना उसंत मिळते.

असीरगडाकडचा चढ यासाठी चांगला, पण एका अटीवर: गिअर खाली हवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत कण्हत चढ चढवणं, म्हणजे लगिंग, नव्या इंजिनासाठी जादा वेगाइतकंच वाईट. तेव्हा भार मोठा असतो, तेल पंप हळू फिरत असतो आणि बेअरिंगवरचा तेलाचा थर पातळ पडतो. एक गिअर खाली घ्या, इंजिनाला मोकळेपणी फिरू द्या. ट्रिपल सीट तर एरवीही नको. या दिवसांत पोतं-डबे लादून घाट चढणंही टाळा. लांब जायचंच असेल तर मधे थांबा आणि गाडी पूर्ण निवू द्या. तापणं आणि निवणं या चक्रातून बोल्ट, गॅस्केट आणि ओतीव भाग आपापल्या जागी स्थिरावतात.

‘नवी गाडी जपून’ आणि ‘नवी गाडी पहिल्याच दिवशी मोकळी सोडा’ असे दोन पंथ प्रत्येक गावात भेटतात. दोघांच्या पदरी सत्याचा वाटा आहे. भार लागतो, हे दुसऱ्या पंथाचं म्हणणं रिंगेमागच्या दाबानं खरं ठरतं. ताप घातक, हे पहिल्याचं म्हणणं पिस्टनच्या फुगण्यानं खरं ठरतं. या दोन्ही गोष्टी एकत्र पाळायच्या तर थोडा थोडा, सतत बदलता आणि मर्यादेतला भार द्यायचा. शिवाय काळही बदलला. एके काळी इंग्लंडात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रन-इन चालू आहे, पुढे जा’ अशा अर्थाची पाटी लावून लोक शेकडो मैल रेंगाळत जायचे. आज बऱ्याच कारखान्यांत होनिंग दोन टप्प्यांत होतं: आधी खोल खाचा, मग बारीक दगडानं शिखरांचे माथे छाटणं. चालवणाऱ्याच्या कामाचा मोठा वाटा कारखान्यानं उचलला आहे. उरलेला वाटा लहान आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

पहिलं तेल

पहिली सर्व्हिसिंग पाचशे ते हजार किलोमीटरच्या दरम्यान येते. फ्री असते म्हणून ती पुढं ढकलू नका. सगळ्या सर्व्हिसिंगांत हीच मोलाची. कारण तेव्हा बदलल्या जाणाऱ्या तेलात पहिल्या दिवसांतली ती धातूची कच उतरलेली असते. मोटारसायकलीत तर इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स बहुधा एकाच तेलात नांदतात, त्यामुळे गिअरच्या दात्यांची आणि क्लचप्लेटची पहिली झीजही त्यातच येते.

तेल काढताना जवळ उभं राहा. ट्रेमधलं तेल उन्हात धरून थोडं हलवलं की त्यात रुपेरी झाक सरकताना दिसते. इतके सूक्ष्म कण की चिमटीत खर लागत नाही, पण बोटावर चमक उरते. स्प्लेंडरसारख्या इंजिनात क्रँकशाफ्टवरच एक फिरती वाटी असते. ती वेगानं फिरून तेलातले जड कण कडेला फेकते आणि तिथं काळ्या चिखलाचा थर बसतो. रुपेरी झाक दिसली तर घाबरायचं कारण नाही. शिखरं झिजल्याचा तो पुरावा आहे. डोळ्याला दिसणारे तुकडे किंवा चकत्या आल्या, तर मात्र मेकॅनिकला तिथंच दाखवा.

नवं तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला आणि डब्यावर ‘जासो एमए’ हे चिन्ह पाहून घ्या. कारच्या काही तेलांत घर्षण घटवणारी द्रव्यं असतात. त्यांनी मोटारसायकलीचा ओला क्लच घसरू शकतो. त्याच दिवशी टॅपेट, चेनचा ढिलेपणा, स्पोक, नट-बोल्ट बघून घ्या. नव्या टायरचा पृष्ठभागही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो आणि नव्या ब्रेकला नीट पकड यायला वेळ लागतो. तेवढे दिवस वळणावर गाडी फार झोपवू नका, पुढच्या गाडीपासून अंतर राखा.

हे सगळं शोरूममधून निघालेल्या गाडीपुरतं नाही. नेपानगरच्या आसपासच्या वाड्या-पाड्यांत पंधरा-वीस वर्षं शेतावर, बाजारात, दूध घालायला राबलेल्या गाड्या आहेत. एक दिवस त्यांचा ब्लॉक उतरतो, लेथवर बोअर काढला जातो, पिस्टन आणि रिंगा नव्या बसतात. त्या दिवशी ती जुनी गाडी आतून नवीच असते. आणि लहान गॅरेजमध्ये कारखान्यासारखं दोन टप्प्यांचं होनिंग क्वचितच होतं, म्हणून तिची शिखरं जास्त उंच, कच जास्त, धोका जास्त. नव्या गाडीला लावतो त्याहून थोडा अधिक संयम या गाडीला लावायला हवा. पहिलं तेल दोन-तीनशे किलोमीटरवरच बदलून टाका. गाडी घरी आणली की घरात जो कुणी ती चालवणार, त्या प्रत्येकाला ही रीत सांगून ठेवा. कामाच्या गाडीला हार घालणारं कुणी नसतं, पण घराचा चरितार्थ तिच्यावर चालतो, आणि तिचं पुढचं लाखभर किलोमीटरचं आयुष्य या पहिल्या काही दिवसांत ठरतं.